हिवतापाच्या मुलखातले रक्त

१९४९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाची एक मोहीम माउंट केनियावर गेली. बरोबरच्यांचे लक्ष डोंगरावरच्या वनस्पतींवर आणि कीटकांवर होते. अँथनी अ‍ॅलिसन या विशीतल्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मात्र माणसांचे रक्त हवे होते. जन्म दक्षिण आफ्रिकेतला आणि बालपण केनियात गेलेले, त्यामुळे तिथल्या जमाती त्याला परक्या नव्हत्या. रक्तगटांवरून या जमातींची एकमेकींशी नाती शोधावीत असा त्याचा बेत होता. त्यासाठी घेतलेल्या नमुन्यांवर त्याने आणखी एक चाचणी करून पाहिली. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइटचे ताजे द्रावण मिसळायचे, काचपट्टीवर पातळ काच ठेवून कडा बंद करायच्या आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. हे रसायन थेंबातला ऑक्सिजन ओढून घेते. बहुतेकांच्या तांबड्या पेशी तरीही गोलच राहतात. काहींच्या मात्र ताणल्या जाऊन दोन्ही टोकांना निमुळत्या, विळ्यासारख्या वाकड्या होतात. अशी माणसे मोंबासाकडच्या किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी शंभरात वीसहून अधिक निघाली. मधल्या उंच, थंड मुलखात, नैरोबीच्या आसपास, शंभरात एकही धड निघेना. किनाऱ्याचे लोक आणि सरोवराकाठचे लोक यांची भाषा एक नव्हती, कूळ एक नव्हते. नकाशावर जुळत होते ते एवढेच : जिथे डास, तिथे विळे.

हे निरीक्षण कोड्यात टाकणारे का होते ते कळायला थोडे मागे जावे लागते. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात अशा विळ्या-कोयत्यांसारख्या पेशी दिसल्याचे प्रसिद्ध केले होते. त्या पेशी केशवाहिन्यांत अडकतात, सांध्यांत आणि हाडांत असह्य वेदना होतात, प्लीहा बालपणीच निकामी होते आणि एरवी चार महिने टिकणारी तांबडी पेशी दोन-तीन आठवड्यांत फुटते. हा सिकलसेल आजार आनुवंशिक आहे हे उघड होते, पण त्याचे गणित नीट बसले ते १९४९ मध्येच. अमेरिकेत जेम्स नील यांनी दाखवले, की या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर माणूस रुग्ण होतो आणि एकच प्रत बदललेली असेल तर तो नुसता वाहक, एरवी धडधाकट. त्याच वर्षी लायनस पॉलिंग, हार्वी इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन वेगवेगळ्या गतीने सरकते हे सिद्ध करून आजाराचे मूळ एका रेणूत असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे विदर्भात ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरे सिकलसेलची तपासणी झालेल्या घरांत सगळ्यांना पाठ असतात. पहिला वाहक, दुसरा रुग्ण; ‘ए’ ही चांगली प्रत, ‘एस’ ही बदललेली.

आता हिशेब मांडू. एखाद्या वस्तीत शंभरात बत्तीस वाहक असतील, आणि पूर्व आफ्रिकेत याहूनही अधिक वाहक असलेल्या जमाती होत्या, तर तिथे या जनुकाच्या पाच प्रतींमागे एक प्रत ‘एस’ असते आणि दर पंचवीस मुलांमागे एक मूल एसएस जन्मते. त्या काळी, उपचाराच्या नावाने शून्य असलेल्या खेड्यांत, असे मूल बहुधा वयात येण्याआधीच दगावत असे आणि जाताना जनुकाच्या दोन प्रती घेऊन जात असे. दुसरे काही घडत नसेल तर पुढच्या पिढीत ‘एस’चे प्रमाण एक पंचमांशावरून एक षष्ठांशावर येते, मग एक सप्तमांशावर, मग एक अष्टमांशावर. शंभरेक पिढ्यांत, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांत, ते शंभरात एकवर यायला हवे. प्रत्यक्षात ते खाली यायला तयार नव्हते. मुले मारणारा जनुक इतक्या माणसांत इतका ठाण मांडून कसा बसतो, हा प्रश्न होता. उत्क्रांतीच्या सिद्धांताला हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. नैसर्गिक निवड घातक गुण काढून टाकते असे म्हणायचे आणि डोळ्यांसमोर इतका घातक गुण सुखाने नांदताना पाहायचा, ही सिद्धांताची नामुष्कीच ठरली असती.

उत्तरे दोन तयार होती आणि दोन्ही त्या काळाच्या मानाने शहाणपणाची होती. पहिले असे, की हा जनुक मरतो तितकाच नव्याने जन्मतो. म्हणजे चांगल्या प्रतीत तीच चूक पुन्हा पुन्हा होत राहते. पण आपल्या उदाहरणातल्या वस्तीत घट भरून काढायची तर दर पिढीला पंचवीस चांगल्या प्रतींमागे एका प्रतीत हुबेहूब तीच चूक व्हावी लागेल. जनुकांतले बदल लाखांत एक किंवा त्याहून विरळ असतात. तरीही ही शंका नुसती हसण्यावारी न नेता बेल्जियन काँगोत १९५५ मध्ये तपासली गेली. चूक खरोखरच इतकी वारंवार होत असेल तर अनेक आजारी मुलांच्या आया वाहक निघू नयेत. त्या जवळजवळ सगळ्या वाहक निघाल्या. म्हणजे मुलांना जनुक वारशानेच मिळत होता. दुसरे उत्तर वंशाचे होते. हर्मन लेहमान आणि अ‍ॅलन रेपर यांनी युगांडात काही जमातींत एखादा टक्का तर काहींत चाळीसच्या पुढे वाहक असल्याचे नोंदवले होते आणि त्यावरून जमातींच्या मूळस्थानाचा माग लागेल अशी त्यांची अपेक्षा होती. लेहमान यांनीच मेरी कटबुश यांच्यासह १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत हा गुण शोधून काढला. तेव्हा तर हा जनुक भारत-अरबस्तानाकडच्या एखाद्या प्राचीन लोकसमूहाने आफ्रिकेत नेला असावा इथपर्यंत तर्क गेला. त्या पिढीला रक्तात वंशावळ वाचण्याचा नाद होता. या तर्काची मेख अशी, की स्थलांतराने जनुक कुठून आला हे सांगता येईल. पोहोचल्यावर तो टिकला का, हे सांगता येत नाही. दर पिढीला मुले दगावत असतील तर कितीही दुरून आणलेला जनुक तिथेही झिजायलाच हवा.

मलेरियाकडे बोट याआधीही दाखवले गेले होते. उत्तर ऱ्होडेशियातले, म्हणजे आजच्या झांबियातले, डॉ. ई. ए. बीट यांना वाहकांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी कमी वेळा दिसल्याचे १९४६ मध्येच जाणवले होते. पुढे भारतात येऊन इथलेच नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीच्या थॅलसेमियाबद्दल हाच अंदाज मांडला : एक प्रत असलेल्याला मलेरियाविरुद्ध काही संरक्षण मिळत असावे. पण अंदाज आणि पुरावा यांत अंतर असते. अ‍ॅलिसनने वैद्यकाची पदवी पुरी केली आणि १९५३ मध्ये तो पूर्व आफ्रिकेत परतला तो पुरावा गोळा करायला. युगांडात त्याने लहान मुलांचे रक्त तपासले, कारण मोठ्या माणसांना वारंवार मलेरिया होऊन वेगळी प्रतिकारशक्ती आलेली असते आणि तिच्यामुळे खरा फरक झाकला जातो. २९० मुलांत ४३ वाहक होती. त्यांपैकी १२ जणांच्या रक्तात परजीवी सापडले, म्हणजे सुमारे २८ टक्के. उरलेल्या २४७ मुलांपैकी ११३ जणांच्या, म्हणजे सुमारे ४६ टक्के. दुसरा पुरावा अधिक थेट आणि आज वाचताना अस्वस्थ करणारा आहे. लुओ जमातीच्या तीस प्रौढांना मुद्दाम मलेरियाची लागण करण्यात आली, पंधरा वाहक आणि पंधरा बिगरवाहक. बिगरवाहकांपैकी चौदा जणांच्या रक्तात परजीवी वाढले, वाहकांपैकी फक्त दोघांच्या. सर्वांवर उपचार झाले हे खरे. पण वसाहतीच्या राज्यात गोऱ्या डॉक्टरला नाही म्हणणे त्यांतल्या किती जणांना शक्य होते, हा प्रश्न उरतोच. तिसरा पुरावा नकाशाचा. पूर्व आफ्रिकेतल्या अनेक जमातींच्या मिळून काही हजार लोकांत वाहकांचे प्रमाण मलेरियाच्या तीव्रतेबरोबर चढत-उतरत होते, भाषा आणि कुळे ओलांडून. हे सारे १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षाचा गाभा नीट पाहण्यासारखा आहे, कारण नैसर्गिक निवडीबद्दलचे बरेच गैरसमज इथे गळून पडतात. या वस्तीत मुलांचे तीन गट आहेत. एसएस मुले सिकलसेलने जातात. एए मुलांपैकी काही मलेरियाने जातात. एएस मुले दोन्हींतून अधिक संख्येने तरतात. म्हणून ‘एस’ ना नाहीसा होतो, ना सगळ्यांत पसरतो; तो एका ठरावीक प्रमाणावर येऊन थांबतो आणि ते प्रमाण मोजता येते. एसएस मुले एकही जगत नाहीत असे धरले, तर दहा प्रतींत एक ‘एस’ हे प्रमाण टिकायला एए मुलांची पिछेहाट वाहकांच्या तुलनेत अकरा टक्क्यांची असावी लागते. पाचात एक टिकायला पंचवीस टक्क्यांची. हे आकडे मनाचे नाहीत, समीकरणातून निघतात, आणि जिथे मलेरियाने बालके इतक्या प्रमाणात मरत होती तिथेच ‘एस’ इतका वर गेलेला सापडला. या तडजोडीत कोणाचे भले झाले असे विचारले तर उत्तर कटू आहे. आजारी मुलाला काहीच मिळत नाही. त्याच्या मरणाची किंमत मोजून त्याची वाहक भावंडे जगतात. निवड ही न्याय करत नाही, सुधारणा करत नाही आणि पुढचा विचारही करत नाही. त्या जागी, त्या पिढीत कोणाची मुले जास्त जगली एवढेच तिथे मोजले जाते.

अ‍ॅलिसनचे म्हणणे लगेच मान्य झाले असे मुळीच नाही, आणि व्हायलाही नको होते. अमेरिकेत स्वयंसेवकांवर केलेल्या तशाच प्रयोगात वाहक आणि बिगरवाहक यांच्यात फरक आढळला नाही. आफ्रिकेत इतरांनी केलेल्या पाहण्यांत कधी फरक दिसे, कधी नाही. ४३ मुलांतल्या १२ या आकड्यावर एवढा डोलारा उभा करायचा का, ही विचारणा रास्तच होती. यातली गुंतागुंत सोडवली ती कंपालात काम करणाऱ्या रेपर यांनी, ज्यांनी आधी लेहमान यांच्यासोबत वंशाच्या अंगाने याच गुणाकडे पाहिले होते. वाहक मुलाला मलेरिया होतो, त्याच्या रक्तात परजीवी सापडतात. पण ते फार वाढत नाहीत आणि मेंदूला चढणारा, जीव घेणारा मलेरिया त्याला क्वचित होतो. म्हणजे परजीवी आहे की नाही एवढेच विचारणाऱ्या पाहणीत फरक पुसट दिसणारच. मृत्यू मोजले की तो ठसठशीत होतो. पुढच्या काही वर्षांत आफ्रिकेच्या निरनिराळ्या रुग्णालयांतून मलेरियाने दगावलेल्या शंभर मुलांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा त्यांत वाहक एकच निघाला. लोकसंख्येतल्या प्रमाणानुसार बावीस-तेवीस निघायला हवे होते. निवड मृत्यूवर चालते, तापावर नाही. अर्धशतकानंतर, २००५ मध्ये, केनियातल्या किलिफी इथल्या अभ्यासाने हेच टप्प्याटप्प्याने मोजून दाखवले : साध्या मलेरियापासून वाहकाला सुमारे ५० टक्के संरक्षण, रुग्णालयात भरती व्हावे लागण्यापासून ७५ टक्के, आणि गंभीर मलेरियापासून जवळजवळ ९० टक्के. हे घडते कसे याचा एक धागा १९७० मध्ये हाती आला. वाहकाच्या ज्या पेशीत परजीवी शिरतो ती इतर पेशींच्या आधी विळ्यासारखी वाकते आणि प्लीहा तिला परजीवीसकट गाळून टाकते. संक्रमित पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना कमी चिकटते हेही पुढे कळले. म्हणजे जी खोड दोन प्रती असताना मारते तीच एक प्रत असताना तारते.

या गोष्टीत माणसाचा हात कुठे आहे हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी १९५८ मध्ये दाखवले, आणि मला या साऱ्या इतिहासातला तो सर्वांत बुद्धिमान लेख वाटतो. त्यांनी पश्चिम आफ्रिकेतले जनुकाचे प्रमाण, तिथल्या भाषांचा प्रसार आणि शेतीचा इतिहास शेजारी शेजारी ठेवला. मलेरिया पसरवणारा अ‍ॅनॉफिलिस गॅम्बिए हा डास घनदाट रानाच्या सावलीत नीट वाढत नाही. त्याला उन्हातली उघडी डबकी लागतात. रान तोडून, जाळून शेती करणाऱ्यांनी अशी डबकी जागोजाग तयार केली आणि वस्ती दाट करून डासांपुढे माणसांचे ताट वाढून ठेवले. शेतीने पोट भरले आणि त्याच शेतीने मलेरियाही दारात आणला. त्याबरोबर ‘एस’ या जनुकाचे नशीब पालटले. लिव्हिंगस्टन यांच्या बाकीच्या तपशिलांवर पुढे वाद झाले, पण त्यांचा मुख्य मुद्दा टिकला. संस्कृती आली म्हणजे उत्क्रांती थांबली असे अजूनही पुष्कळांना वाटते. इथे तर संस्कृतीनेच निवडीची दिशा ठरवली, तीही गेल्या काही हजार वर्षांत, म्हणजे उत्क्रांतीच्या मानाने काल-परवा.

दरम्यान केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये नेमका बदल शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले आहे, एवढाच फरक. डीएनएच्या भाषेत एक अक्षर. व्हॅलिनमुळे साखळीला एक पाण्याशी फटकून वागणारा ठिपका मिळतो. ऑक्सिजन सोडल्यावर तो शेजारच्या रेणूतल्या खाचेत बसतो, रेणूला रेणू जोडून लांब तंतू बनतात आणि पेशी आतून ताणली जाते. हे अक्षर एकदाच बदलले की अनेकदा, यावर अजून एकमत नाही. १९८०च्या दशकात जनुकाच्या आजूबाजूच्या डीएनएची तुलना झाली तेव्हा सेनेगल, बेनिन, बांटू असे आफ्रिकेतले वेगवेगळे नमुने आणि अरबस्तान-भारताचा एक स्वतंत्र नमुना दिसला. त्यावरून हा बदल वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा झाला असावा असे मानले गेले. २०१८ मध्ये डॅनियल श्राइनर आणि चार्ल्स रोटिमी यांनी संपूर्ण जनुकसंचांच्या आधारे उलट निष्कर्ष काढला : मूळ एकच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचे, आणि बाकीचे नमुने पुढच्या प्रवासात झालेल्या सरमिसळीचे. हा निष्कर्ष टिकला तर लेहमान यांची पिढी स्थलांतराबद्दल अगदीच चुकली नव्हती असे म्हणावे लागेल. दिशा मात्र उलटी होती. वाद कसाही मिटो, मूळ युक्तिवादाला त्याने बाधा येत नाही. बदल कुठून आला हा एक प्रश्न आणि तो कशामुळे टिकला हा दुसरा.

सर्वांत अवघड आक्षेप आपल्या घरचा आहे. १९५८ मध्ये नागपुरात या गुणाची नोंद झाली आणि नंतरच्या पाहण्यांत सातपुड्यातल्या नंदुरबारपासून गडचिरोली-चंद्रपूरपर्यंतचा पट्टा त्यात आला. भारतात काही जमातींत वाहक जेमतेम एक-दोन टक्के आहेत, काहींत तीसच्या वर. पण एकाच गावात, त्याच डासांमध्ये पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या दोन समाजांत प्रमाण वेगळे का? २०१० मध्ये फ्रेडरिक पील आणि सहकाऱ्यांनी मलेरियाचा ऐतिहासिक नकाशा आणि जनुकाचा नकाशा संख्याशास्त्राने ताडून पाहिला. आफ्रिकेत ते घट्ट जुळले, आशियात जुळले नाहीत. मग भारतात मलेरियाचे म्हणणे खोटे ठरते का? माझ्या मते नाही, पण एकट्या निवडीवर विसंबून इथले चित्र समजत नाही हे मान्य करायला हवे. निलगिरीत लेहमान यांना उतारांवरच्या इरुळा-कुरुंबांत वाहक तीस टक्क्यांच्या आसपास आणि थंड माथ्यावरच्या टोडांत फार थोडे आढळले होते. हे केनियासारखेच दिसते. मध्य भारतातल्या जंगलपट्ट्यातही जीवघेणा फाल्सिपेरम मलेरिया जुना आहे, आणि गडचिरोलीतून तो अजून हटलेला नाही. पण आपल्याकडे जातीबाहेर, जमातीबाहेर लग्ने शतकानुशतके झाली नाहीत. अशा बंदिस्त समूहात जनुक शिरलाच नाही तर निवडायला काही उरतच नाही. शेजारच्या वाडीत तो असला म्हणून काय झाले, सोयरिकीवाचून तो उंबरा ओलांडत नाही. लहान समूहात निव्वळ योगायोगानेही प्रमाण वरखाली होते : पहिल्या चार-सहा घरांपैकी एका घरात ‘एस’ होता की नव्हता, यावर पुढच्या हजार वर्षांचे चित्र ठरू शकते. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न करण्याची चाल जनुकाचे प्रमाण बदलत नाही, पण एसएस मुलांचे वाढवते. जनुकात नवा बदल, निवड, स्थलांतर, योगायोग आणि लग्नाच्या चाली या पाचही गोष्टी लोकसमूहाचे रक्त घडवतात; आफ्रिकेच्या नकाशात निवडीचा आवाज मोठा आहे म्हणून ती दिसते, आपल्याकडे जातीचा आवाज तिच्यावर मात करतो. सिकलसेलला ‘आदिवासींचा आजार’ किंवा एखाद्या जातीचा आजार म्हणणारे हे विसरतात, की ही रेघ जीवशास्त्राने आखलेली नाही. ग्रीसमध्ये कोपाइस सरोवराच्या काठच्या गोऱ्या शेतकऱ्यांतही तोच जनुक सापडला, कारण तिथेही मलेरिया होता.

सिद्धांत खरा असेल तर मलेरिया गेल्यावर जनुक ओसरला पाहिजे. डच व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांचे वंशज सुरिनाममध्येही आहेत आणि कुरासाओ बेटावरही. सुरिनाम मलेरियाचा प्रदेश, कुरासाओ कोरडे आणि मलेरियामुक्त. विसाव्या शतकाच्या मध्याला डच संशोधक योंक्सिस यांना वाहकांचे प्रमाण कुरासाओत कमी आढळले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांतही वाहक आज बारा जणांत एक, पश्चिम आफ्रिकेपेक्षा बरेच कमी. यावर आक्षेप घेतला जातो तो बरोबर आहे : अमेरिकेत गोऱ्यांशी झालेल्या संकरानेही प्रमाण घटणारच, ते सगळे निवडीच्या खात्यावर टाकता येत नाही. दोन-तीनशे वर्षे म्हणजे दहा-बारा पिढ्या. दहा प्रतींत एक असलेले ‘एस’चे प्रमाण तेवढ्यात विसात एकवर येईल, त्याहून फार खाली नाही. घसरण या मर्यादेतली आणि दिशा अपेक्षित तीच, इतकेच यातून घ्यावे.

एक आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो आपल्याकडेही ऐकू येतो. ही तर बिघाडाची गोष्ट झाली, यात नवे काय घडले? माणूस माणूसच राहिला, माकडाचा माणूस यातून कुठे सिद्ध होतो? पहिल्या भागाला उत्तर पश्चिम आफ्रिकेत आहे. तिथे बुर्किना फासोच्या आसपास त्याच सहाव्या जागी दुसरा एक बदल पसरला आहे. ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन येते आणि हिमोग्लोबिन ‘सी’ तयार होते. २००१ मध्ये तिथल्या चार हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात असे दिसले, की ‘सी’च्या दोन प्रती असलेल्यांना मलेरिया होण्याची शक्यता ९३ टक्क्यांनी कमी असते, आणि त्यांना होणारा रक्तक्षय मात्र सौम्य असतो. म्हणजे त्याच रोगावर त्याच जागी कमी किमतीचा उपायही उपजला. बिघाड आणि सुधारणा या आपल्या पाट्या आहेत, जनुकाला त्यांच्याशी देणेघेणे नाही. दुसऱ्या भागाला सरळ सांगावे : नाही, सिकलसेलवरून माणूस आणि चिंपांझी यांचे नाते सिद्ध होत नाही, तसा दावा कोणी करूही नये. ते नाते दाखवणारा पुरावा वेगळा आहे, पण गंमत अशी की तो याच रेणूत आहे. माणूस आणि चिंपांझी यांच्या हिमोग्लोबिनच्या साखळ्यांत एकाही अमिनो आम्लाचा फरक नाही. गोरिलाशी प्रत्येक साखळीत एकाचा. दूरच्या प्राण्यांशी फरक वाढत जातो. १९६२ मध्ये एमिल झुकरकांडल आणि तेच पॉलिंग यांनी या फरकांवरून प्राण्यांच्या फाट्यांचा काळ मोजता येईल अशी कल्पना मांडली. ज्या रेणूत आजची निवड दिसते त्याच रेणूत कोट्यवधी वर्षांची वंशावळही नोंदलेली आहे. पहिली गोष्ट पटली म्हणून दुसरी पटवून घ्यायची गरज नाही, पण दोन्ही नाकारायच्या तर दोन वेगळी स्पष्टीकरणे शोधावी लागतील.

या सगळ्यात परजीवी गप्प बसला असता तरच नवल. त्याच्याही पिढ्या आहेत, आणि त्या आपल्यापेक्षा कितीतरी भराभर उलटतात. २०२२ मध्ये गॅम्बिया आणि केनियातल्या गंभीर मलेरियाच्या हजारो बालरुग्णांचा आणि त्यांच्या रक्तातल्या परजीवींचा डीएनए एकत्र तपासला गेला. प्लाझमोडियम फाल्सिपेरमच्या जनुकसंचात तीन जागा अशा सापडल्या, की तिथे विशिष्ट बदल असलेले वाण वाहक मुलांत नेमके जास्त आढळतात. ‘एस’ जिथे अधिक तिथे हे वाणही अधिक आहेत. ज्या वाणांत हे बदल नाहीत त्यांच्यापासून वाहक मुलाला पूर्वीसारखेच भक्कम संरक्षण मिळते. ज्यांत ते आहेत, त्यांच्यापुढे ते जवळजवळ शून्यावर येते.